दोन्ही नळ्या जांभळ्या

मागच्या एप्रिलमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना एक साधी गोष्ट दाखवायची म्हणून मी दोन परीक्षानळ्या उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. एकीत तीनचं क्रोमियम होतं, दुसरीत सहाचं. क्रोमियमच्या दोन रासायनिक रूपांना प्रयोगशाळेत आम्ही तसंच म्हणतो. तीनचं क्रोमियम मातीत, दगडात असतं आणि फारसं कुणाच्या वाटेला जात नाही. सहाचं विषारी. पहिली नळी हिरवट होती, दुसरी नारिंगी. दोन्हींत थोडं आम्ल आणि ईडीटीए नावाच्या पांढऱ्या पावडरीचं पाणी घातलेलं होतं. तापल्यावर पहिली जांभळी होईल आणि दुसरी आहे तशीच राहील, असं मी फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं. निकाल आधी लिहून ठेवायची मला सवय आहे. ती चांगली सवय नाही.

पहिली नळी दहा मिनिटांत जांभळी झाली. दुसरी बराच वेळ नारिंगी राहिली, मग मळकट झाली, मग हिरवट, आणि तास संपत आला तेव्हा तीही जांभळी झाली.

"सर, दोन्ही जांभळ्या झाल्या की," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"अदलाबदल झाली असेल. कुणी हात लावला नळ्यांना?"

"कुणी न्हाय सर. आमी सगळे तुमच्याकडंच बघत होतो की."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "फळा पुसा सर आधी." वर्ग हसला. मीही हसलो. फळा पुसला. नळ्यांचं मला काही वाटलं नव्हतं; प्रयोग फसतात. मी घाबरलो होतो माझ्याच आवाजाला. "कुणी हात लावला?" हे मी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी याच खोलीत नऊ वर्षांपूर्वी ऐकला होता. तोही माझाच होता.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल. त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

आमच्या विभागात एक यंत्र आहे. त्यात केसाएवढी बारीक, आतून पोकळ अशी काचेची नळी असते. तिला केशनलिका म्हणतात. तिच्यात पाण्याचा थेंबाहूनही लहान नमुना घ्यायचा आणि दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. पाण्यात विरघळलेले आयन मग आपापल्या वेगानं पळायला लागतात. नळीच्या शेवटी एक खिडकी असते, तिच्यातून अतिनील प्रकाश सोडलेला असतो. जो आयन तो प्रकाश अडवतो, त्याचं कागदावर एक शिखर उमटतं. आमची मुलं त्याला पीक म्हणतात. अडचण अशी, की साध्या धातूंचे बरेचसे आयन हा प्रकाश अडवतच नाहीत, किंवा अगदी नावापुरता अडवतात. ते खिडकीसमोरून जातात आणि यंत्राला पत्ता लागत नाही. म्हणून त्यांना आधी दुसऱ्या एखाद्या रेणूशी जोडून घ्यायचं, म्हणजे ते दिसतात. सुताला रंग चढवावा तसं. तीनच्या क्रोमियमला ईडीटीए जोडतात. पण हे क्रोमियम हट्टी. आपल्याभोवतीचे पाण्याचे सहा रेणू सोडायला तयार नसतं. त्याला उकळत्या पाण्यात बसवावं लागतं. सहाच्या क्रोमियमला यातलं काही नको. ते मुळात दिसतंच.

एवढंच आहे सगळं. एकाला तापवायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी संशोधनाला होती. शहराच्या पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या मागावर, आई घरी विड्या वळायची. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि वहीत इतकं नेटकं इंग्रजी की मी तिची पानं इतरांना दाखवायचो. तिच्या गल्लीच्या मागं सूत रंगवण्याची जुनी शेड होती; रंग पक्का करायला तिथं क्रोमियमचे क्षार वापरत. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं; मधल्या दिवसांत गल्ली एका बोअरवर होती. धुणं त्याच पाण्यात आणि पिणंही. तिनं त्या बोअरचं पाणी आणलं आणि यंत्रावर चालवलं. सहाच्या क्रोमियमचं शिखर आलं. अगदी स्वच्छ, ताठ. तिनं तीनदा चालवलं, तीनदा आलं. वेगळ्या भागात ईडीटीए घालून तिनं तीनचंही बघितलं; त्याचं शिखर लहान होतं.

तिनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: मला कंटाळा आला. हे खरं निघालं तर नमुने पुन्हा घ्यावे लागणार, शेडवाल्यांकडे जावं लागणार, महापालिकेच्या जिन्यावर चपला झिजवाव्या लागणार. मी माढ्याकडच्या खेड्यातून आलेला माणूस. कायम नोकरी मिळायला मला चाळिशी गाठावी लागली होती. मला शांतता हवी होती. तेव्हा ते शिखर खोटं ठरवण्यासाठी मी कारण शोधू लागलो, आणि ते मला लगेच सापडलं.

आमच्याकडे काचेची भांडी क्रोमिक अ‍ॅसिडनं धुवायची जुनी रीत होती. डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल यांचं ते तांबूस मिश्रण एका मोठ्या बरणीत असायचं. आमचे प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे परिचर, रोज संध्याकाळी भांडी त्यात बुडवायचे आणि सकाळी नळाखाली धरायचे. त्या मिश्रणातलं क्रोमियम सहाचंच. भांडं नीट खंगाळलं नाही, तर तेच नमुन्यात येणार. माझा तर्क चुकीचा नव्हता. फक्त तो खरा आहे का, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर मी तिला उभं केलं.

"कुणी हात लावला होता या भांड्यांना? कुणी धुतली?"

"मीच धुतली सर. पण मी ती..."

मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. मी म्हणालो, "घरी भांडी घासता ना बाई? तेवढं तरी इथं नीट जमू द्या."

दोघेतिघे हसले. ती नाही. एरवी मी तिला 'तू' म्हणायचो. त्या दिवशी 'तुम्ही' आणि 'बाई' म्हणालो. रागावलेला शिक्षक अचानक आदर दाखवतो तेव्हा तो काय करत असतो, हे आमच्याकडच्या प्रत्येक मुलीला कळतं.

मग पाणी कसं तपासायचं ते मी स्वतः करून दाखवलं. तिच्याच कॅनमधलं पाणी घेतलं, भांडी माझ्या हातानं दहा वेळा धुतली. धातूंसाठी पाणी घेतलं की बाटलीत नत्राम्ल टाकायचं, ही माझी वीस वर्षांची सवय, ते टाकलं. वर ईडीटीए घातलं. तीनचं क्रोमियम हट्टी, म्हणून दोन तास उकळत्या पाण्यात ठेवलं. यंत्रावर चालवलं. सहाचं शिखर गेलं. पूर्ण सपाट.

"बघितलं?" मी म्हणालो.

ती कागदाकडे बघत होती. म्हणाली, "सर, पण दुसरं पीक वाढलंय."

"आता पुरे."

यंत्राच्या रजिस्टरात तिच्या निकालाखाली मी लाल शाईनं लिहिलं: 'काचसामान अस्वच्छ. आधीचे निकाल रद्द.' खाली सही केली. माझी पद्धत टंकलिखित करून, प्लास्टिकमध्ये घालून, उकळत्या पाण्याच्या भांड्याशेजारी भिंतीवर लावली. ती दोन महिने येत राहिली, मग यायची थांबली. लग्न ठरलं असेल, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो. एवढी सोय आम्हाला नेहमीच असते.

आता एप्रिलकडे येतो. त्या दिवशी तास संपल्यावर मी कपाटातून ते रजिस्टर काढलं. नळ्यांनी दाखवलं होतं ते सरळ होतं. आम्लात, उष्णतेत, ईडीटीए मुबलक असताना सहाचं क्रोमियम तसंच राहत नाही. ईडीटीएच त्याला तीनचं करतं आणि लगेच पकडून ठेवतं. म्हणजे माझी पद्धत विष शोधत नव्हती, ती विषाचा वेष बदलत होती. उरला प्रश्न बोअरच्या पाण्याचा. मी पान उघडलं. तिच्या निकालात प्रमाण मांडलेलं होतं: सहाचं सात भाग, तीनचं तीन भाग. माझ्या निकालात सहाचं शून्य. तीनचं दहाला अगदी थोडं कमी.

सात आणि तीन दहा. पहिलीतलं मूल करील ती बेरीज.

भांडी मळकी असती, तर मी दहा वेळा धुतलेल्या भांड्यांत ते सात भाग गायब व्हायला हवे होते. ते गेले नव्हते. दुसऱ्या शिखरात जाऊन बसले होते. म्हणजे ते पाण्यातच होते. माझ्याच निकालानं, माझ्याच अक्षरात, ती खरी ठरत होती. आणि "दुसरं पीक वाढलंय" हे तिनं मला सांगितलंही होतं.

मामा आता निवृत्तीला आले आहेत. मंद्रूपहून रोज एसटीनं येतात. दारात झाडू घेऊन उभे होते. मी विचारलं, "मामा, ती पूर्व भागातली मुलगी आठवते? भांडी कशात धुवायची ती?"

"ती व्हय? ती कुटं भांडी घ्यायची आपली. तिच्या पिशवीत नव्या प्लास्टिकच्या बाटल्या असायच्या. माझ्या बरणीकडं तर फिरकायची पण न्हाय. म्हनायची, मामा तुमच्या बरणीत क्रोमियम हाय, माझं काम बिघडंल."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमी इचारलंच न्हाय की."

त्या दिवशी घरी गेलो आणि जेवलो नाही. पण नुसता पश्चात्ताप करत बसण्याचा मला आता भरवसा वाटत नाही. पश्चात्तापात माणूस पुन्हा स्वतःकडेच बघत बसतो. मी ठरवलं, आधी पक्कं करायचं. दोन नळ्यांच्या रंगावर मी कुणाला पुन्हा खरं-खोटं ठरवणार नव्हतो.

पुढचे तीन आठवडे मी तेच केलं. स्वच्छ पाण्यात सहाचं क्रोमियम मोजून घातलं आणि माझ्या पद्धतीनं चालवलं: गायब. तिच्या पद्धतीनं, म्हणजे आम्ल न घालता, न तापवता: जेवढं घातलं तेवढं. मे महिना होता. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला' लिहिलेलं असतं. ती खोली सोलापुरातली नसते. आमच्या खोलीचा पारा बेचाळीसच्या पुढं, एसी बंद, वीज दुपारी हमखास जायची. वीज गेली की केशनलिकेत बुडबुडे धरायचे, ती पुन्हा कॉस्टिक सोड्यानं, पाण्यानं धुवून पहिल्यापासून सुरुवात. बायको म्हणाली, "सुट्टीत कुणाची नोकरी करताय?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "भांड्यांवरून बोललात तुम्ही तिला?" क्रोमियमबद्दल तिनं काही विचारलं नाही.

जूनमध्ये मी त्या मुलीकडे गेलो. ती आता दहावीपर्यंतच्या मुलांचे विज्ञानाचे क्लास घेते. खाली टॉवेलचे माग, वर क्लासची खोली. मागांच्या खडखडाटानं फरशी हलत होती आणि ती त्यावर आवाज चढवून अणूची रचना शिकवत होती. मला बघून तिनं मुलांना पाच मिनिटं सोडलं.

"कशा आहात?" मी म्हणालो.

"सर, तू म्हणा की. तुम्ही म्हटलं की मला वाटतं, पुन्हा काहीतरी चुकलं."

आतून तिची आई आली. माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाली. मुलगी संकोचली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही सर."

"सांग."

"विचारतेय, हेच का ते भांड्यांचे सर?"

नऊ वर्षं त्या घरात माझं हे नाव होतं. मी मान हलवली. म्हणालो, "हो, तोच." आईनं चहा आणला.

मी तिच्यापुढे रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स ठेवली आणि नवे निकाल ठेवले. येताना पाठ केलेलं सगळं विसरलो. तिनं पानावरून बोट फिरवलं.

"ही बेरीज मी तेव्हाच केली होती सर. त्याच दिवशी, घरी येताना सिटीबसमध्ये."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दुसरं पीक वाढलंय म्हटलं. तुम्ही म्हणालात, आता पुरे."

"पण का वाढलं, ते..."

"ते मला तेव्हा माहीत नव्हतं सर. माहीत करून घ्यायला दोन महिने येत होते. यंत्रावर माझी पाळीच लागेना."

पाळीचा तक्ता मी लावायचो. तेही मी विसरलो होतो, किंवा विसरलो असं मला वाटत होतं.

"बोअर आहे अजून?"

"रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा बुजवला. पाच वर्षं झाली. तोवर पीत होतो."

"कुणाला काही..."

"कुणाला काय झालं ते कोण मोजतंय सर?" ती सहज म्हणाली, त्यामुळं जास्त लागलं. मग तिनं कागद नीट घडी करून मला परत दिला. "तुमचा तो भिंतीवरचा कागद अजून आहे?"

तो होता. तीन आठवडे त्या कागदाच्या हातभर अंतरावर उभं राहून मी माझी चूक तपासत होतो, आणि तो काढायचं मला सुचलं नव्हतं. दरम्यान कितीतरी मुलांनी त्या कागदावरून गावोगावचं पाणी तपासून 'सहाचं क्रोमियम नाही' असं लिहून दिलं होतं. वैरागचं, अक्कलकोटकडचं, माझ्या स्वतःच्या गावचंसुद्धा.

"म्हणजे अजून आहे," ती म्हणाली. "मग माझ्याकडं कशाला आलात आधी? आधी तो काढायचा की."

"काढतो. आजच काढतो. आणि तुझी माफी..."

"इथं नको सर. इथं माझी आईच आहे ऐकायला. जिथं बोललात तिथं मागा."

तिथून मी सरळ महाविद्यालयात गेलो. सुट्टी होती, मामांकडून किल्ली घेतली. कागदाच्या चारही कोपऱ्यांना जुना चिकट पट्टा होता, तो नखांनी खरवडून काढला. मग त्या पद्धतीनं काम केलेल्या प्रत्येक मुलाचा प्रबंध शोधून यादी केली आणि प्रत्येकाला पत्र लिहिलं: निकाल मागे घ्या, चूक माझी आहे, पाणी पुन्हा आणा, मी तपासून देईन. काहींची उत्तरं आली, काहींची नाही. जे पाणी येतं ते मी तपासतो आहे. विभागप्रमुखांनी एकदा बोलावून विचारलं, "एवढ्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे?" मी म्हणालो, "दोन बाटल्या आल्यात आज. तेवढं करून येतो."

ऑगस्टमध्ये, गुरुवारी दुपारी, त्याच खोलीत सगळ्या मुलांना बसवलं. मामा दारात उभे होते. मी कळवलं होतं त्याप्रमाणे ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मी दुरुस्ती लिहून आणली होती. पद्धतीतला दोष वाचला. सात आणि तीन फळ्यावर लिहून बेरीज दाखवली. तिचा निकाल बरोबर होता, तो मी पुराव्याशिवाय रद्द केला, हे वाचलं. मग शेवटचा परिच्छेद: "त्या वेळी विद्यार्थिनीला उद्देशून मी अनुचित शब्द वापरले, त्याबद्दल..."

"सर," ती मागून म्हणाली, "पूर्ण वाचा."

"एवढंच लिहिलंय."

"मग सांगा. काय म्हणाला होता ते."

मुलं माना वळवून तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. तीन आठवडे उन्हाळ्यात काम करणं सोपं होतं, पत्रं लिहिणं सोपं होतं. 'अनुचित शब्द' म्हणताना मी पुन्हा शिखर सपाट करत होतो, हे मला तिथं उभं असताना कळलं. मी कागद टेबलावर ठेवला.

"मी म्हणालो होतो, घरी भांडी घासता ना बाई, तेवढं तरी इथं नीट जमू द्या."

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मामा फरशीकडे बघत होते.

"आणि ती भांडी आमची नव्हतीच," मी म्हणालो. "बाटल्या तिच्या स्वतःच्या होत्या. नव्या. मी विचारलं नाही."

ती उठून पुढं आली. भिंतीवर जुन्या कागदाच्या जागी फिकट चौकोन राहिला होता, त्याच्याकडे तिनं एकदा बघितलं.

"नवीन पद्धत लिहून घ्यायची आहे ना? फळा पुसून द्या सर."

मी फळा पुसला. तिनं खडू घेतला आणि लिहिलं: आम्ल घालू नये. पाणी आणल्या दिवशीच तपासावे. आधी न तापवता चालवावे. मग वेगळा भाग घेऊन, आम्ल न घालता ईडीटीएबरोबर तापवून चालवावे. शेवटची ओळ तिनं ठळक काढली: दोन्हींची बेरीज करून पाहावी.

मुलं उतरवून घेत होती. मी खिडकीकडच्या बाकावर जागा करून बसलो, मामांकडून पेन मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागलो.